स्टिअरिंगमधला झोल

माझ्या शिलाईच्या दुकानासमोरच बसचा थांबा आहे. तिथे कोणतीही बस थांबली की माझ्या काउंटरवरची बटणांची बरणी खुळखुळते. भावोजींची बस थांबते तेव्हा बरणी गप्प असते. नुसता एक आवाज ऐकू येतो, "सावकाश. सावकाश उतरा." मध्यंतरी बरेच दिवस हा आवाज या रस्त्यावरून गायब झाला होता. आता तो कानावर पडला की मी मशीनवरचा पाय थांबवते आणि मनातल्या मनात चार-दोन माणसांना हात जोडते. त्यातल्या एकाला तर मी कधी पाहिलेलंही नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डेपोत त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे 'सावकाश' म्हणतात. "सावकाश आला का?" "सावकाशला चहा द्या." डेपोत नवीन आलेल्या माणसाला कळत नाही, ही सूचना आहे की माणूस. घरीही तीच तऱ्हा. पावाला लोणी लावायला बसले की ताई ओरडते, "अहो, पाव आहे तो, भिंत नाही रंगवायला घेतलेली!" ताईला बघायला आले तेव्हाही पसंती सांगायला त्यांनी इतका वेळ लावला की आईला चहा पुन्हा गरम करावा लागला. आम्हाला वाटलं, नकार कसा द्यावा ते सुचत नाहीये. शेवटी म्हणाले, "मला हो म्हणायचंय, पण नीट म्हणायचंय." त्या दिवसापासून मी त्यांची टिंगल करते आहे आणि ते ती आनंदाने करून घेतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हाताला कळतं." कलिंगड गोड आहे का, हाताला कळतं. भाचीला ताप आहे का, थर्मामीटर शोधेपर्यंत यांनी कपाळावर हात ठेवून सांगितलेलं असायचं. दर वेळी बरोबर निघायचं असं मुळीच नाही. कलिंगडाच्या बाबतीत तर त्यांनी आम्हाला कित्येकदा तोंडघशी पाडलं आहे. पण बसच्या बाबतीत त्यांचा त्यांच्या हातांवर पक्का भरवसा होता, आणि भरवसा ठेवावा असेच ते हात होते.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याच शब्दाने घातला आणि निस्तरलाही त्यानेच. तो शब्द म्हणजे झोल. माझ्या धंद्यात पडदा मधोमध लोंबला किंवा शर्ट पाठीत फुगला की आम्ही म्हणतो, झोल आला. डेपोच्या वर्कशॉपमध्ये स्टिअरिंग फिरवल्यावर चाक वळायच्या आधी जी मोकळी हालचाल होते तिला झोल म्हणतात. आणि ऑफिसातल्या टेबलाखुर्चीच्या जगात झोल म्हणजे काय, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. कोणीतरी काहीतरी खाल्लं.

डेपोत नव्या बस आल्या, त्यातली एक भावोजींना मिळाली. काही महिने खुशीत गेले. मग ते जेवताना मधेच थांबून हवेत स्टिअरिंग फिरवल्यासारखा हात फिरवू लागले. ताईने विचारलं तर म्हणाले, "वळणावर काहीतरी निसटतंय. क्षणभरच. हाताला लागतं." फोरमनला सांगितलं. फोरमन म्हणजे वर्कशॉपचा मुख्य, भावोजींचा जुना दोस्त, आवाजाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली, झोल मापला. मापात होता. स्टिअरिंग जरासं तिरकं बसल्यासारखं वाटलं ते त्याने सरळ करून दिलं. म्हणाला, "अरे, इतका झोल सगळ्याच गाड्यांत असतो. तुझ्या हातांचे लाड पुरे झाले." यात त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्याने बघायचं ते सगळं बघितलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. सकाळची फेरी होती. दवाखान्यापाशी रस्ता उतरतो आणि उतरता उतरताच वळतो. भावोजींनी स्टिअरिंग फिरवलं. स्टिअरिंग फिरलं, बस वळली नाही. ती सरळ फुटपाथवर चढली आणि वर्तमानपत्रांच्या बंद टपरीला टेकून थांबली. त्यांनी ब्रेकवर अक्षरशः उभं राहून ती थांबवली होती. कोणाला कपाळाला टेंगूळ आलं, पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईंचा चष्मा फुटला. बाकी सगळे सुखरूप. भावोजींनी एकेकाला हात देऊन खाली उतरवलं, तेव्हाही "सावकाश, सावकाश" चालूच होतं. सगळे उतरल्यावर ते बसच्या पायरीवर बसले.

संध्याकाळपर्यंत लोकांच्या फोनवर फुटपाथवर चढलेली बस फिरू लागली. ड्रायव्हरला झोप लागली, असं कोणीतरी लिहिलं. कोणीतरी त्याहून वाईट लिहिलं. चौकशी होईपर्यंत भावोजींना गाडीवरून उतरवलं. ते आम्ही समजू शकत होतो. खरा घाव नंतर बसला. ओढून आणलेली बस वर्कशॉपमध्ये तपासली, आणि तिच्यात काहीही सापडलं नाही. फोरमनने पुन्हा चाकं उचलली, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं, चाकं शहाण्या मुलांसारखी वळली. गाडी चांगली होती. मग चुकलं कोण?

नोकरी गेली असती तर दुसरं काहीतरी बघितलं असतं, ताई खमकी आहे. पण एक दिवस ती दुकानात येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "काल म्हणत होते, कदाचित मी स्टिअरिंग फिरवलंच नसेल. फिरवलं असं नुसतं वाटलं असेल. आणि मला म्हणाले, मुलीचा ताप तूच बघत जा, माझ्या हातांचं काही खरं नाही." या माणसाकडे एकच गोष्ट होती जिच्यावर तो डोळे मिटून विसंबायचा, आणि तीच त्याच्या हातून सुटत चालली होती.

मी ताईला म्हटलं, "त्यांना इथे पाठव. घरी बसून हाय खातील." दुसऱ्या दिवसापासून भावोजी माझ्या दुकानात बसू लागले. मी त्यांना बटणं लावायला दिली. डेपोच्या गणवेशांची शिलाई माझ्याकडेच असते, त्यामुळे बटणांना तोटा नव्हता. ते एक बटण असं लावत की शर्ट फाटेल पण बटण सुटणार नाही, आणि तेवढ्या वेळात माझी अख्खी बाही शिवून व्हायची. "भावोजी, या वेगाने तुम्ही हा शर्ट संपवाल तोवर घालणारा रिटायर होईल," असं मी म्हणायचे. पूर्वी त्यांनी यावर काहीतरी उलटून टोला दिला असता. आता नुसती मान हलवायचे. अंगानेही उतरले होते. एकदा स्वतःचाच शर्ट घेऊन आले. "मेव्हणीबाई, पाठीत झोल आलाय. काढून दे."

"मुळीच नाही. जेवा आणि भरून काढा." मी तो शर्ट त्यांच्या हातात परत कोंबला. नंतर मशीनकडे तोंड करून डोळे पुसले.

चौकशीला नवीन साहेब आले. हिशेब खात्यातून बदलून आलेले, बसशी संबंध तिकीट काढण्यापुरता. त्यांच्यापुढे भावोजींबरोबर मीही गेले. ताईला धीर होत नव्हता आणि मला गणवेशही पोचवायचे होते. मला बाहेर बाकावर बसवलं, पण दार उघडं होतं आणि मी काही बहिरी नाही.

"नक्की काय झालं ते सांगा," साहेब म्हणाले.

"साहेब, स्टिअरिंगमध्ये झोल होता. मी आधी सांगितलं होतं."

साहेबांचा आवाज एकदम खालच्या पट्टीत गेला. "झोल? कोणाला सांगितलं होतंत?"

"फोरमनला. तो म्हणाला, थोडा झोल सगळ्याच गाड्यांत असतो."

"सगळ्याच गाड्यांत!" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कधीपासून चाललंय हे?"

"नवीन गाड्या आल्यावर काही महिन्यांनी."

"वरपर्यंत माहीत आहे?"

भावोजींनी नेहमीप्रमाणे नीट विचार केला. "वर नाही साहेब. वर नुसता जाणवतो. असतो तो खाली."

मी गणवेशांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं. हसावं की आत जाऊन साहेबांना समजावावं, ते कळेना. पण तेवढ्यात आपलं नाव निघालंय हे ऐकून फोरमन तिथे पोचला होता आणि साहेबांनी त्याला दारातच पकडलं. "स्टिअरिंगचे पार्ट कुठून घेता? ओरिजनल बसवता की डुप्लिकेट?"

फोरमनचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यभर त्याने एक वॉशरसुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही. "मी झोल केला? मी?" तो असा ओरडला की पलीकडच्या खोलीतले टायपिंगचे आवाज थांबले. "कंपनीच्या माणसाला बोलवा साहेब! पार्टन्‌पार्ट उघडतो त्याच्यासमोर! डुप्लिकेट निघाला तर हे पाने पुन्हा हातात धरणार नाही!"

साहेबांनी खरंच बोलावलं. जे कोणी उघडून बघितलं नसतं, ते उघडायचं ठरलं. कारण नियमाप्रमाणे चालणारी, मापात असलेली वस्तू कोण कशाला उघडेल? संशय आला म्हणूनच उघडली, आणि संशय आला तो एका शब्दाने. त्या साहेबांच्या गैरसमजाचं मी आजही मनापासून भलं चिंतते.

कंपनीकडून एक इंजिनिअर मुलगी आली. केस घट्ट बांधलेले, हातात छोटी बॅटरी आणि मापाची पट्टी. वर्कशॉपमधल्या गाडीखाली उतरायच्या खड्ड्याभोवती साहेब, फोरमन, भावोजी आणि गणवेशांची मापं घ्यायचं निमित्त काढून मी, असे सगळे जमलो. ड्रायव्हरच्या हातातल्या स्टिअरिंगपासून एक दांडा खाली जातो. त्याला मध्ये जोड असतो, दोन तुकडे दात्यांनी एकमेकांत बसवलेले. फोरमनने तो जोड सोडवून तिच्या हातात दिला. देताना छाती पुढे काढली होती.

तिने तो पुसला. बॅटरी मारून बघितलं, माप घेतलं, पुन्हा घेतलं.

"ओरिजनल की डुप्लिकेट?" साहेबांना धीर निघेना.

"ओरिजनल आहे. आमचाच आहे," ती म्हणाली. फोरमनने साहेबांकडे असं पाहिलं की बस. पण ती पुढे बोलतच होती, आणि तिचा आवाज बारीक झाला होता. "आणि चूकही आमचीच आहे. याचे दाते आखूड कापले गेलेत. साध्या वेळी धरून राहतात. जोर आला की घसरतात आणि पुढच्या दात्यात जाऊन अडकतात. चाकं उचलून तपासलं की जोर येतच नाही, म्हणून सगळं ठीक दिसतं."

मला ते ताबडतोब कळलं. माझ्याकडे चेन बिघडलेल्या पॅन्ट रोज येतात. वरून बघावं तर चेन लागलेली असते आणि माणूस खाली बसला की मधूनच सुटते.

त्या मुलीला हे सगळं तिथल्या तिथे बोलायची काही सक्ती नव्हती. तो जोड पिशवीत घालून 'तपासून कळवतो' म्हणाली असती, तर कोण अडवणार होतं? पगार तिला कंपनीच देत होती. पण ती भावोजींकडे वळली आणि म्हणाली, "काका, तुम्ही स्टिअरिंग वळवलं होतं. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही."

भावोजी कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन हात धूत बसले. हातांना काही लागलेलं नव्हतं. फोरमन त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "सावकाश, मी तुझं ऐकायला हवं होतं रे." भावोजी म्हणाले, "तू ऐकलंस. मापाने ऐकलं नाही."

साहेबांना झोल या शब्दाचा वर्कशॉपमधला अर्थ समजला तेव्हा त्यांचे कान लाल झाले. पण माणूस दिलदार निघाला. स्वतःच आधी हसले, मग भावोजी निर्दोष असल्याचं सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. जाताना फोरमनपुढे हात केला. फोरमनने ग्रीस लागलेला हात मुद्दाम न पुसता पुढे केला, आणि साहेबांनी तो धरला.

पुढे कंपनीने रिकॉल काढला. भावोजींच्या बसच्या वेळी बनलेल्या झाडून सगळ्या बस, ज्या ज्या गावात होत्या तिथे तिथे थांबवल्या आणि त्यांचे जोड बदलायला माणसं पाठवली. ताईला कोणीतरी सांगितलं की कंपनीने बस परत बोलावल्यात, तर ती म्हणाली, "बरं झालं, बिचाऱ्यांना जरा माहेरपण मिळेल." कित्येक दिवसांनी भावोजी हसले.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण भावोजी कामावर जाईनात. डेपोतून निरोपावर निरोप. हे म्हणायचे, "बघू." आणि माझ्याकडे येऊन बटणं लावायचे. ताईने आदळआपट करून पाहिली, फोरमन येऊन ओरडून गेला. एक दिवस मीच हातातली कात्री खाली ठेवली. "भावोजी, आता अडलंय कुठे? तुमची चूक नव्हती हे आता सगळ्या जगाला माहीत आहे."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "जगाला माहीत आहे गं. पण माझे हात मला खरं सांगत होते आणि मीच त्यांना खोटं पाडलं. ती मुलगी येईपर्यंत. आता पुन्हा त्यांनी काही सांगितलं, तर मी ऐकेन का? माझ्या मागे गाडीभर माणसं असतात."

मी कात्री उचलून पुन्हा कापड कापू लागले. माझं तोंड बंद पडणं ही आमच्या घरात बातमी असते.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या वेळी त्यांचा फोन वाजला. त्यांच्या हातात सुई होती, म्हणून मी तो उचलला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. पलीकडे कोणी अनोळखी माणूस होता. दूरच्या एका गावातला ड्रायव्हर. भावोजींचा नंबर त्याने डेपो-डेपोत विचारत मिळवला होता.

"तुमच्याच गाडीवरून हे सगळं निघालं ना?" तो विचारत होता. "आमच्याकडे काल माणसं येऊन जोड बदलून गेली. माझ्या गाडीचा जोड बाहेर काढला तेव्हा दाते जवळजवळ संपलेच होते. जेमतेम अडकले होते. दादा, माझी शाळेची फेरी असते. घाटातून. थँक्यू म्हणायला फोन केला. दुसरं काय म्हणायचं, कळत नाही."

भावोजींनी सुई शर्टात खोचून ठेवली. फोनजवळ वाकले. "वळताना तुमच्या हाताला काही लागायचं?"

पलीकडचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "लागायचं ना. काहीतरी सुटल्यासारखं. पण तपासलं तर गाडी ठीक निघायची. मग मी गप्प बसलो. वाटलं, माझेच हात म्हातारे झाले. बायकोलासुद्धा बोललो नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं," भावोजी म्हणाले.

"खरं?"

"अगदी खरं. चुकत नव्हते हो हात. तुमचेही नाही."

दोन मोठी माणसं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली, आपापल्या फोनपाशी नुसती बसली होती. त्या गावातल्या माणसाचे आभार कसे मानू? तो आभार मानायला म्हणून आला आणि आमचं माणूस आम्हाला परत देऊन गेला. शेवटी भावोजी म्हणाले, "चला. सावकाश जा." आणि फोन बंद केला. अर्धवट राहिलेलं बटण त्यांनी पूर्ण केलं, सुई माझ्या टाचण्यांच्या उशीत टोचली आणि घरी गेले. दारातून ताईला म्हणाले म्हणे, "उद्याचा शर्ट काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी मी दुकान वेळेआधी उघडलं. बस आली. बरणी हलली नाही. डेपोत पोचवायचे गणवेश काही तयार नव्हते, तरी जे हाताला लागलं त्याचा गठ्ठा करून मी बसमध्ये चढले. पुढच्याच सीटवर त्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, नवा चष्मा लावून. पाठमोऱ्या भावोजींच्या शर्टात अजून झोल होता.

"भावोजी, झोल आहे," मी म्हटलं.

ते आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "थोडा सगळ्याच गाड्यांत असतो, मेव्हणीबाई. बसून घे."

मी बसले नाही. दवाखान्याचा उतार आला तशी सीटजवळचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. टपरी दिसली, नवीन रंग दिलेली. भावोजींनी स्टिअरिंग फिरवलं आणि बस वळली. एवढंच. कोणी फोनमध्ये बघत होतं, कोणी खिडकीला डोकं टेकून पेंगत होतं, त्या बाई चष्मा पुसत होत्या. बस वळली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी दांडा धरून उभी राहिले आणि भर बसमध्ये रडले.